चित्रनगरीच्या आधी कॅमेऱ्याची शाळा

एप्रिल-मे महिन्यात यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कुठल्याही वावरात जा, जमीन भेगाळलेली दिसेल. हात आत जाईल इतक्या खोल भेगा. त्यांचा दुष्काळाशी संबंध असेलच असं नाही. काळ्या जमिनीतली चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. भरपूर पिकलेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही ती अशीच फाटते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांमध्ये पडते, आत हवा खेळते आणि पहिल्या दमदार पावसात जमीन पुन्हा मिटते. भूगोलाच्या पुस्तकात याला जमिनीची आपोआप होणारी नांगरट म्हटलेलं आहे.

हीच भेगाळलेली जमीन गेली वीस-पंचवीस वर्षं विदर्भाच्या शेतीवरच्या बातमीची, माहितीपटाची, लघुपटाची पहिली चौकट होऊन बसली आहे. तिच्यामागून येते मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो धरून बसलेली बाई, मग कोरड्या विहिरीत डोकावणारा म्हातारा. आत्महत्या खऱ्या आहेत, त्या बाईचं दुःख खरं आहे आणि ते जगापुढे नेणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप नजरेबद्दल आहे. ज्याला दरवर्षीची भेग आणि दुष्काळाची भेग वेगळी ओळखता येत नाही, त्याला शेतकऱ्याचं नुकसान नेमकं कशानं झालं हेही दिसत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर दगावले. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नेहमीपेक्षा उंच वाढली होती, आणि म्हणूनच फवारा थेट तोंडावर येत होता. मरण हिरव्यागार वावरात आलं होतं. भेगा शोधत आलेल्या कॅमेऱ्याला त्या हिरव्या रंगात काय दिसणार?

म्हणून मला वाटतं, विदर्भाच्या खेड्यांतून छायालेखक घडले पाहिजेत आणि ते घडवणं हे सरकारी तंत्रशिक्षणाचं काम आहे. आपल्याकडे सिनेमाविषयी सार्वजनिक बोलणं झालंच तर ते चित्रनगरीवर येऊन थांबतं. गोरेगावला आहे, कोल्हापुरात आहे, मग विदर्भात का नको. रामटेकजवळ व्हावी, अशी चर्चा झाली की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी येते. जमीन, कुंपण, कमान, सेट. त्या सेटवर कॅमेऱ्यामागे कोण उभं राहणार हा प्रश्न कुणी विचारत नाही.

या संदर्भात मला व्ही. के. मूर्तींची कारकीर्द वारंवार आठवते. 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि हा सन्मान मिळवणारे ते पहिले छायालेखक ठरले. गुरुदत्त यांच्या चित्रपटांतला काळोख आणि उजेड ज्यांच्या डोळ्यांत घर करून आहे, त्यांनी मूर्तींचं काम पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. 1959चा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. त्यातल्या ओसाड स्टुडिओत वरून उतरणारी उन्हाची तिरीप मूर्तींनी आरशांनी आणली. बाहेरचं ऊन एका मोठ्या आरशावर घेतलं, तिथून आतल्या उंचावरच्या दुसऱ्या आरशावर, आणि तिथून खाली. हवेत धूर सोडला, तेव्हा ती तिरीप डोळ्यांना दिसू लागली. त्या दृश्याबद्दल हजारदा लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे.

पण त्यांच्या आयुष्याचा जो भाग गौरवाच्या लेखांत एका ओळीत उरकला जातो, तोच आपल्या कामाचा आहे. म्हैसूरमध्ये जन्मलेला हा मुलगा कॅमेरा शिकला तो बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये. विश्वेश्वरय्यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली ही संस्था. इतर तांत्रिक विषयांच्या शेजारी तिथं सिनेमॅटोग्राफी शिकवली जाऊ लागली, आणि मूर्ती त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीतले. 1946 साली ते पदविका घेऊन बाहेर पडले. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली 1960 साली. म्हणजे तिच्या चौदा वर्षं आधी, देश स्वतंत्र होण्याच्याही आधी, एका संस्थानातल्या पॉलिटेक्निकनं कॅमेरा हा शिकण्याचा विषय आहे, त्याला प्रयोगशाळा लागते, परीक्षा लागते, पदविका देता येते, असं ठरवून टाकलं होतं.

आणि हे एकदाच घडलं असं नाही. 1962 साली त्याच पॉलिटेक्निकमधून गोविंद निहलानी बाहेर पडले. फाळणीत कराचीहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा पुढे बरीच वर्षं मूर्तींचाच साहाय्यक होता, नंतर ‘जुनून’च्या छायालेखनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दिग्दर्शक म्हणून तर त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. एका सरकारी पॉलिटेक्निकच्या एका विभागातून ही दोन माणसं निघाली. प्रतिभा त्यांची स्वतःची होती, यात वाद नाही. पण प्रतिभेच्या हातात उजेड मोजणारा मीटर कुणी दिला, भिंग उघडून कुणी दाखवलं, चुकलेला फोटो टेबलावर ठेवून का चुकला हे कुणी समजावलं? हे काम त्या संस्थेनं केलं.

विदर्भाला अशी दूरदृष्टी परकी नाही. त्याच दशकात, 1942 साली, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली आणि तेल, रंग, रसायनांच्या कारखान्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं मिळत गेली. मातीतलं खनिज आणि शेतातली सरकी यांचं काय करायचं हे शिकवणारी संस्था आपण काढू शकलो. इथल्या माणसांचे चेहरे आणि इथलं ऊन यांचं काय करायचं, हे शिकवणारी मात्र काढली नाही.

आज एखाद्या मुलाला उमरखेडहून किंवा कोरचीहून छायालेखक व्हायचं असेल तर वाट कशी आहे? एक, पुण्याची किंवा कोलकात्याची राष्ट्रीय संस्था. तिथं मोजक्या जागा, पदवीनंतरचा प्रवेश, देशभरातली स्पर्धा. दुसरी वाट मुंबईची. तिथं कॅमेरा विभागाची उतरंड आहे. आधी कॅमेरा अटेंडंट, म्हणजे पेट्या उचलणं, लेन्स पुसणं, बॅटऱ्या सांभाळणं. मग क्लॅप देणारा साहाय्यक, मग फोकस पुलर, मग ऑपरेटर, आणि सगळं जमलं, कुणाचा विश्वास बसला, तर डीओपी, म्हणजे मुख्य छायालेखक. मूर्तींनाही ती चुकली नाही. हातात पदविका असून त्यांनी फली मिस्त्रींसारख्यांकडे साहाय्यक म्हणून काम केलं. 1951 साली ‘बाजी’च्या वेळी ते साहाय्यकच होते, एक अवघड शॉट त्यांनी सुचवला, घेऊन दाखवला आणि गुरुदत्त यांनी पुढच्या चित्रपटापासून त्यांना मुख्य छायालेखक केलं. 1946 ते 1952, एवढा काळ गेला.

उमेदवारी वाईट नाही. हे काम हाताखाली राहूनच पक्कं होतं. पण उमेदवारीच्या त्या वर्षांत मुंबईत खोलीचं भाडं कोण भरणार? काम आज आहे, उद्या नाही; पैसे तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. ज्याचं घर अंधेरीत आहे किंवा ज्याचा बाप दर महिन्याला पैसे पाठवू शकतो, तोच टिकतो. तीन एकर कोरडवाहू असलेल्या घरातलं पोरगं दुसऱ्या दिवाळीला परत येतं आणि गावात लोक म्हणतात, जमलं नाही त्याला. त्याला काम जमत होतं. भाडं जमलं नाही. जे मूर्तींकडे होतं आणि याच्याकडे नाही, ते म्हणजे मुंबईला जाण्याआधीच हातात आलेलं पक्कं शिक्षण. शिकून गेलेला साहाय्यक उतरंडीच्या तळापासून सुरू करत नाही, आणि उमेदवारीची वर्षं निम्म्यावर येतात.

खर्चाची सबब आता उरलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फिल्मच्या काळात 35 मिलिमीटरचा चारशे फुटांचा रोल साडेचार मिनिटांत संपायचा. कच्ची फिल्म, धुलाई, प्रिंट, प्रत्येक टप्प्याला पैसा. मुलांच्या हातून चुका होऊ देणं परवडत नसे. राष्ट्रीय पुरस्कारांत छायालेखनाचं पारितोषिक त्या काळी फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेलाही दिलं जाई, इतकी ती प्रयोगशाळा चित्राच्या घडणीत सामील होती. (मला ती पद्धत आवडायची. एका माणसाच्या नावावर जाणाऱ्या कामात किती हात असतात, हे त्यात कबूल केलेलं होतं.) आज तालुक्याच्या गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे जो कॅमेरा आहे त्यावर चित्रपटगृहात दाखवण्याजोगं चित्र निघू शकतं. कार्ड पुसून पुन्हा वापरता येतं. चूक फुकट झाली आहे. शिकवणाऱ्याला याहून चांगला काळ मिळणार नाही.

आणि या शूटिंगवाल्यांकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. तुळशीचं लग्न लागलं की मे संपेपर्यंत हे तरुण रात्रंदिवस राबतात. मंडपात एकाच वेळी हॅलोजनचा पिवळा, एलईडीचा निळा आणि कापडातून झिरपणारा उन्हाचा पांढरा उजेड असतो. अशा सरमिसळीत नवरीच्या चेहऱ्याचा रंग सांभाळणं हे सोपं काम नाही. ते करतात, पण का जमलं आणि का बिघडलं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी 1956च्या ‘अपराजितो’साठी काशीतल्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, तेव्हा वर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून घेतला आणि आकाशातून येणारा मऊ उजेड तयार केला. जगभर वापरली जाणारी ही रीत समजून घ्यायला आपल्या मुलांना परदेशी पुस्तक लागत नाही. लग्नाचं पांढरं कापड रोज त्यांच्या डोक्यावर असतं. त्याच्याखाली उभं राहून हे समजावणारा शिक्षक तेवढा हवा.

पूर्व विदर्भात तर पायाच तयार आहे. झाडीपट्टी रंगभूमी सरकारी अनुदानावर उभी राहिलेली नाही. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं रात्रभर नाटकं होतात, लोक तिकीट काढून बघतात, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं थाटलेली आहेत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे उरलेल्या महाराष्ट्रानं वळून पाहिलं. लेखक, नट, गायक, वादक, मंच बांधणारे, दिवे लावणारे, हे सगळे इथं आहेत, आणि पदरचे पैसे देणारा प्रेक्षकही आहे. या रात्री जशा दिसतात तशा टिपून ठेवणारी माणसं मात्र इथं घडलेली नाहीत. मोबाइलवर घेतलेल्या तुकड्यांत मंचावरचा प्रखर दिवा नटाचा चेहरा पांढराफटक करतो आणि समोर गोधडी पांघरून बसलेला हजारोंचा समाज काळ्या पट्ट्यात गडप होतो.

प्रत्येक प्रदेशाचा उजेड वेगळा असतो, आणि तो तिथल्याच माणसाला आधी कळतो. नागपूर 21 अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कपाळ आणि नाक उजळतं, डोळे मात्र खोबणीत बुडतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. फुटलेल्या कपाशीच्या शेतात त्यावर विसंबलात तर पांढरा कापूस करडा होतो आणि वेचणाऱ्या बाईचा सावळा चेहरा काळा पडतो. नांगरलेल्या काळ्या रानात उलटं, माती फिकट होते आणि आभाळ जळून जातं. त्यात भर म्हणजे रंगीत फिल्मचं प्रमाण अनेक दशकं गोऱ्या कातडीवरून ठरवलं गेलं होतं, आणि सावळ्या चेहऱ्याला दुय्यम मानणारी सवय अजून पुरती गेलेली नाही. सावळा चेहरा नीट दिसावा म्हणून थांबणं, उजेड कुठून येतो ते पाहणं, बाईला दोन पावलं वळायला सांगणं, यामागे तिच्याबद्दलचा आदर असतो. तो आदर तंत्र शिकल्याशिवाय चित्रात उतरत नाही. धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळी पाण्यातून वर येणारा उजेड चेहऱ्याला खालून लागतो. मोहफुलं वेचायला पहाटे जावं लागतं. हे वेळापत्रक ज्याच्या अंगात आहे त्यानं कॅमेरा धरला तर काय दिसेल, याची कल्पना करून पाहा.

हा रक्ताचा किंवा पत्त्याचा हट्ट नाही. विदर्भाच्या खेड्यातली पोरं, त्यांची बोली, त्यांचं घर आपुलकीनं दाखवणारा ‘नाळ’ सुधाकर रेड्डी यक्कंटी या तेलुगू भाषक छायालेखकानं दिग्दर्शित केला. पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला आणि त्यात काम करणाऱ्या अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा. बाहेरून आलेला माणूस थांबला, ऐकलं, पाहिलं, तर त्याला दिसतं. पण एका प्रदेशानं आपलं चित्र कायम पाहुण्याच्या चांगुलपणावर सोपवावं का? दिसण्यासाठी आपण दुसऱ्यांवर अवलंबून, आणि दाखवण्यासाठी आपल्याकडे कुणी नाही, ही स्थिती मला मान्य नाही.

आता आक्षेपांकडे येतो. शेतीला पाणी नाही, कापसाला भाव नाही आणि हा कॅमेऱ्याचं काय घेऊन बसला, असं म्हणणारे माझ्या घरातच आहेत आणि त्यांचा राग खोटा नाही. पण खेड्यातल्या प्रत्येक घरात आज एक मूल असं आहे ज्याला शेती पुरणार नाही. त्याला आपण पोलीस भरतीच्या मैदानावर पळवतो, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षं बसवतो. त्या दोन वाटांच्या शेजारी हाताला काम देणारी तिसरी काढायला पाण्याचा पैसा वळवावा लागत नाही. इमारती आहेत, वीज आहे, शिक्षकांची पदं निर्माण करायची आहेत.

दुसरा आक्षेप, यूट्यूबवर सगळं शिकता येतं. बटणं शिकता येतात. आपण काढलेलं चित्र कुठं चुकलं हे यूट्यूब सांगत नाही, कारण त्यानं ते पाहिलेलंच नसतं. तिसरा, नोकऱ्या कुठं आहेत? सगळे पुरस्कार मिळवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. बंगळुरूच्या त्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेला प्रत्येक जण मूर्ती झाला नाही. पण लग्नं आहेत, वृत्तवाहिन्या आहेत, ताडोबा, पेंच, मेळघाटसारखी जंगलं आहेत जिथं वन्यजीवांचं चित्रण करायला देशोदेशीचे लोक येतात आणि स्थानिक पोरगं फक्त जिप्सी चालवतं. कृषी विद्यापीठं आहेत, ज्यांना शेतकऱ्याला समजेल अशा चित्रफिती लागतात. आणि चित्रनगरी खरोखर झालीच तर तिला माणसं लागतील. मध्य प्रदेशानं चित्रीकरणाला सवलती दिल्या आणि तिकडे गर्दी वाढली, हे खरं आहे. आपल्याकडेही येवो. पण प्रशिक्षित हात नसतील तर कॅमेरा, दिवे, फोकस सगळं मुंबईच्या गाडीतून येईल आणि गावाच्या वाट्याला गर्दीत उभं राहण्याचं व जेवणाचे डबे पोचवण्याचं काम राहील.

मुलींचाही विचार व्हावा. छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला तो 2009च्या पुरस्कारांत, अंजुली शुक्ला यांना, ‘कुट्टी स्रांक’ या मल्याळम चित्रपटासाठी. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर जवळपास शंभर वर्षांनी. आमच्याकडे हळदीच्या, ओटीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात पुरुष शूटिंगवाला अवघडून उभा असतो आणि बायकाही अवघडलेल्या असतात. तिथं शिकलेली मुलगी गेली तर तिला पहिल्याच हंगामात काम आहे. वसतिगृह आणि उपकरणं संस्थेची असतील, तर घरचे पाठवतील.

सुरुवात लहान असावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन आधीपासून शिकवले जातात. दिव्यांचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाचं निम्मं शिक्षण तिथंच होतं. डिजिटल फोटोग्राफर हा ट्रेड केंद्राच्या यादीत आहे. पश्चिमेला यवतमाळ किंवा अमरावती, पूर्वेला ब्रह्मपुरी किंवा वडसा, अशा दोन ठिकाणी वीस-वीस मुलांच्या तुकड्या घ्याव्यात. सहा कॅमेरे, थोडे दिवे, कापड, थर्माकोल, आरसे. शिकवायला फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले लोक कंत्राटी तासांवर न बोलावता पूर्ण पगारावर ठेवावेत, आणि त्यांच्या जोडीला वीस वर्षं लग्नं केलेला एखादा स्थानिक छायाचित्रकार, पदवी नसली तरी. पहिल्या सत्राला फक्त उजेड शिकवावा: सकाळचा, दुपारचा, दिवेलागणीचा, एकाच चेहऱ्यावर. आयटीआयचं वर्ष ऑगस्टच्या आसपास सुरू होतं आणि वडशाच्या कंपन्यांचा हंगाम दिवाळीनंतर. तोवर मुलांना वायरिंग आणि दिवे हाताळता येत असतील. पहिल्या तुकडीची उमेदवारी त्या मंचांवरच लावता येईल, मानधन कंपनीनं आणि शासनानं मिळून द्यावं, आणि हंगाम संपेपर्यंत टिपलेली सगळी नाटकं गोंडवाना विद्यापीठानं आपल्याकडे जपून ठेवावीत.